मिणमिणत्या दिव्यांचा हिशेब



पऱ्हाटी फुटली, सीतादही झाली की आपल्या जिल्ह्यातले रस्ते रात्री जागे होतात. दिवसा वेचणी असते. मजूर वावरात आहेत तोवर माणूस वावर सोडू शकत नाही. तिन्हीसांजेला कापूस ट्रॉलीत भरायचा, दोन घास खायचे आणि खामगाव, नांदुरा, मलकापूर नाहीतर देऊळगाव राजाची वाट धरायची. सकाळी काटा सुरू होताना रांगेत नंबर पुढे असला तर त्याच दिवशी गाडी रिकामी होते. मागे राहिला तर भाड्याच्या गाडीचा दुसरा दिवस अंगावर बसतो. घाटाखालचा शेतकरी असो की घाटावरचा, हा रात्रीचा प्रवास प्रत्येक कापूसवाल्या घराला ठाऊक आहे. ज्वारी निघाली की कडब्याच्या गाड्यांचीही तीच गत.

आणि या प्रवासाला निघणारी गाडी कशी असते? बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची. जीप असेल, पिकअप असेल, जुनी व्हॅन असेल. इंजिन आपण सांभाळतो, कारण ते बंद पडले तर गाडी जागची हलत नाही. टायर सांभाळतो, कारण तो फुटला तर माल रस्त्यावर येतो. पुढचे दिवे मात्र हळूहळू मंद होत जातात आणि मंद दिव्यावरही गाडी चालते. म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. काच पिवळी पडते, एक दिवा दुसऱ्यापेक्षा फिका जळतो, समोरून गाडी आली की रस्ताच दिसेनासा होतो. चालवणारा म्हणतो, "डोळे थकले." डोळे थकलेले असतीलही. पण दोष पुष्कळदा डोळ्यांत नसून वायरीत असतो, आणि तो घरच्या घरी शोधता येतो.

आमचे काही कार्यकर्ते विचारतील, आंदोलनाच्या पत्रिकेत हेडलाईटचे काय काम? आपला प्रश्न भावाचा आहे. भावाचाच आहे, यात शंका नाही. परंतु ज्याला उत्पादन खर्चही धड मिळत नाही, त्याच्या घरची गाडी जुनीच राहते. जुन्या गाडीचे दिवे मंद असतात आणि रात्री मंद दिव्यांनी निघालेल्या माणसाचा जीव रस्त्यावर जातो. या साखळीचे एक टोक दिल्लीत आहे, ते आपण धरून ओढतोच आहोत. दुसरे टोक आपल्या अंगणात उभे आहे. तेही आपणच धरले पाहिजे. ते दुरुस्त करायला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

१ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजा तालुक्यात समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. तो अपघात दिव्यांचा नव्हता. त्यावर देशभर चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. पण आपला कापूस बाजाराला जातो तो पांदणीतून, गावरस्त्याने आणि राज्यमार्गाने. तिथे विनादिव्याच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळली तर पेपरात चार ओळी येतात. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्या वर्षीच्या अपघातांत सुमारे पाचांत एक अपघात मागून धडकण्याचा होता. मागून धडकणारा बहुधा एवढेच सांगतो की, "पुढचे दिसलेच नाही."

दिसणे आणि थांबणे

'दिसले नाही' म्हणजे काय, त्याचा हिशेब मांडू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर गेले. ब्रेक चांगले आणि सडक कोरडी असेल तर पुढे आणखी २२-२३ मीटर. म्हणजे थांबायला एकंदर ४८ मीटर लागले. गाडीत माल असेल, टायर गुळगुळीत असतील, तर याहून जास्त. ताशी ४० च्या वेगाला हाच हिशेब सुमारे २७ मीटरचा होतो.

आता दिव्याकडे या. समोरून वाहन येत असताना आपण डिपर टाकतो. चांगला डिपरही मातकट रंगाची, विनादिव्याची ट्रॉली ४०-५० मीटरपलीकडे क्वचितच दाखवतो. दिवे उत्तम असतानासुद्धा ताशी ६० ला हिशेब काठावरच बसतो. दिवे मंद झाले की तो तुटीत जातो. उजेडाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले तर पडणारा उजेड चौथाई होतो. म्हणून उजेड निम्मा झाला तर दिसण्याचे अंतर साधारण ७० टक्क्यांवर येते. पन्नास मीटरवर दिसणारी वस्तू आता ३५ मीटरवर दिसेल आणि गाडी थांबेल ४८ मीटरवर. मधले तेरा मीटर कोणाच्या तरी अंगावरून जातात.

उजेड जातो कुठे?

आपल्यापैकी ज्यांच्याकडे विहीर आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. डीपीपासून दूर, लाइनीच्या शेवटच्या टोकाला ज्याची मोटार आहे त्याला विचारा. डीपीवर व्होल्टेज बरोबर असते, विहिरीवर पोचेपर्यंत ते गळते, मोटार गुरगुरते आणि जळते. मधली तार लांब, बारीक आणि जागोजाग सैल जोडलेली असते. गाडीतही तेच होते. बॅटरीपासून स्विचपर्यंत, स्विचपासून डिपरच्या खटक्यापर्यंत, तिथून दिव्यापर्यंत वायर जाते. दिव्यातून गेलेला करंट गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे अर्थिंगमधून, बॅटरीकडे परत येतो. या जाण्यायेण्याच्या वाटेवर जिथे गंज आहे, जिथे जोड सैल आहे, तिथे थोडे थोडे व्होल्टेज खाल्ले जाते.

जुन्या गाड्यांत साधारणतः एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो: डिपरला ५५ वॅट, अप्परला ६० वॅट. अप्पर टाकला की दोन दिव्यांना मिळून दहा अँपिअरच्या आसपास करंट लागतो. पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची चार मीटर वायर घेतली तर तिचा अडथळा सुमारे ०.१ ओहम भरतो. दहा अँपिअर गुणिले ०.१, म्हणजे एक व्होल्ट नुसता वायरीत गेला. गंजलेले जोड वेगळेच.

एका व्होल्टने असे काय बिघडते? हॅलोजन बल्बचे गणित सरळ नाही. व्होल्टेज दहा टक्के घटले तर उजेड दहा टक्के घटत नाही, सुमारे तीस टक्के घटतो. साडेतेरा व्होल्टवर जो उजेड मिळतो, त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा एक व्होल्ट गेल्यावर जातो. दोन व्होल्ट गेले तर चाळीस टक्के गेला. बल्ब तोच, बॅटरी तीच, पण वाटेत गळती झाली. कापसाचा रुपया कापड दुकानातून वावरापर्यंत येताना वाटेत कसा झिजतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे नवे वाटू नये.

तपासणी क्रमाने करा

पऱ्हाटीची पाने लाल झाली की काही जण न पाहता युरिया टाकतात. लाल्या अन्नद्रव्याच्या कमतरतेने आला, तुडतुड्याने आला की मुळाशी पाणी साचून आला, हे पाहिल्याशिवाय उपाय करणे म्हणजे पैसा मातीत घालणे. दिव्याचेही तसेच आहे. आधी निदान, मग खर्च. खालचा क्रम मोडू नका.

पहिली पायरी भिंतीची. संध्याकाळी गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करा, दिवे लावा आणि पाहा. एकच दिवा मंद आहे की दोन्ही? एकच मंद असेल तर दोष त्याच बाजूला आहे: बल्ब, होल्डर, त्या दिव्याचे अर्थिंग किंवा त्याची काच. दोन्ही मंद असतील तर दोष सामाईक आहे: बॅटरी, चार्जिंग, स्विच किंवा मुख्य अर्थिंग. एका दिव्यात अप्पर-डिपर दोन्ही अर्धवट जळल्यासारखे दिसत असतील तर अर्थिंग तुटल्याचा दाट संशय घ्या. करंटला सरळ परतीची वाट मिळत नाही, मग तो दुसऱ्या तारेतून वाट काढतो.

दुसरी पायरी काचेची. वेचणीच्या दिवसांत रस्त्याची धूळ काचेवर बसते. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पाहा. पुष्कळांचा आजार इथेच बरा होतो. जुन्या जीपला, ट्रॅक्टरला खरी काच असते, ती पिवळी पडत नाही. अलीकडच्या गाड्यांना पारदर्शक प्लॅस्टिक असते. उन्हाने त्याचा वरचा थर जळतो आणि ते पिवळे, धुरकट होते. त्यावर उपाय आहे. पाणी लावून आधी १००० नंबरचा, मग २००० चा, मग ३००० चा पॉलिश पेपर फिरवायचा, शेवटी पॉलिश करायचे आणि वर उन्हापासून वाचवणारा थर द्यायचा. हा शेवटचा थर गाळला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. टूथपेस्टने आलेली चमक बैलाच्या शिंगाला लावलेल्या रंगासारखी, पोळ्यापुरती.

काच स्वच्छ असेल तर आतली वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर पाहा. ती काळवंडली असेल, गंजली असेल तर कितीही चांगला बल्ब लावा, उजेड बाहेर येणार नाही. वाटी फडक्याने घासू नका. तिच्यावरचा चकाकता थर फार पातळ असतो, तो निघून येतो. अशा वेळी पूर्ण दिवाच बदलावा लागतो.

तिसरी पायरी इंजिनाची. इंजिन मंद चालू असताना दिवे पाहा, मग एक्सिलरेटर दाबा. इंजिन पळवल्यावर दिवे एकदम उजळले तर चार्जिंगमध्ये खोट आहे: बेल्ट सैल, डायनामोचे कार्बन झिजलेले, नाहीतर बॅटरी थकलेली. इथे मल्टिमीटर लागेल. गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उपाशी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. तेवढे दिसत नसेल तर दिव्यांना हात लावू नका, आधी चार्जिंग दुरुस्त करा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुवा, घासा, घट्ट आवळा आणि वर व्हॅसलिन लावा.

चौथी पायरी गळतीची, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. मोजणी करताना दिवा जळत असला पाहिजे. मोटार बंद असताना विहिरीवरच्या मीटरला व्होल्टेज बरोबर दिसते आणि खटका टाकला की कोसळते, तसेच हे आहे. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर मोजले तर गंजलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवील आणि तुम्हाला फसवील. इंजिन चालू, दिवे चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरी बल्बमागच्या अधिक जोडाला लावा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्टेज जाण्याच्या वाटेत गेले. मग एक तार बॅटरीच्या उणे टोकाला आणि दुसरी बल्बच्या अर्थ जोडाला लावा. जो आकडा दिसेल तेवढे परतीच्या वाटेत गेले. परतीची गळती ०.२ व्होल्टच्या वर नसावी. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक समजा.

मीटर हाताशी नसेल तर एक साधी परीक्षा आहे. एका जाड वायरीचे एक टोक बॅटरीच्या उणे टोकाला आणि दुसरे टोक जळत्या दिव्याच्या अर्थ जोडाला टेकवा. दिवा त्याच क्षणी उजळला तर चोर सापडला. दिव्याची अर्थ वायर जिथे पत्र्याला बोल्टने आवळली आहे तिथला रंग-गंज काचकागदाने खरवडून पांढरे लोखंड काढा, बोल्ट घट्ट करा, वर ग्रीस लावा. या कामाला खर्च शून्य, वेळ पाव तास. मात्र ही वायर चुकूनही बॅटरीच्या अधिक टोकाला लावू नका. चालत्या इंजिनाजवळ उपरणे, पदर, सैल बाही नको. पंखा कोणाची जात-पात पाहत नाही. वायरी सोडवायच्या असतील तर आधी बॅटरीचे उणे टोक काढा.

जाण्याच्या वाटेची गळती जास्त असेल तर उपाय रिलेचा. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर फ्यूजमधून रिलेपर्यंत आणि तिथून दिव्यांपर्यंत टाकायची. जुन्या स्विचने फक्त रिले चालू-बंद करायचा. मग स्विचमधून दहा अँपिअर जात नाहीत आणि दिव्याला बॅटरीचे व्होल्टेज जवळजवळ पूर्ण मिळते. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवाच. तो नसेल तर वायर पत्र्याला घासून गाडी पेटू शकते. हे काम जाणत्या बॅटरीवाल्याकडून करून घ्या, पण काय करायचे ते तुम्ही त्याला सांगा. अलीकडच्या एलईडी दिव्यांच्या गाड्यांत मात्र वायरी कापू नका. त्यांची व्यवस्था वेगळी असते.

पाचवी पायरी बल्बची. बल्बची काच आतून काळसर झाली असेल तर तो म्हातारा झाला, बदला. शक्यतो दोन्ही एकदम बदला. नव्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचे तेल तापून काच तडकते. लागलेच तर स्पिरिटने पुसा.

आता खर्च पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. साध्या जीपसाठी मल्टिमीटर, बल्बची जोडी, रिले आणि वायर हे सगळे मिळून एक क्विंटल ज्वारीच्या त्या भावात बसते. तो हमीभाव बाजारात मिळतो का, हा वेगळा विषय आहे.

जादा वॅट हे औषध नव्हे

दुकानात गेल्यावर पहिला सल्ला मिळतो तो, "शंभर वॅटचा टाका" हा. वायर बारीक आणि गंजलेली तशीच, तिच्यातून आता जवळजवळ दुप्पट करंट जाणार. म्हणजे गळतीही दुप्पट. होल्डर वितळतो, स्विच जळतो आणि उजेड अपेक्षेएवढा वाढत नाहीच. दुसरा सल्ला स्वस्त एलईडीचा. हॅलोजनसाठी घडवलेल्या वाटीत एलईडी बसवला की उजेड जिथे पडायला हवा तिथे न पडता सगळीकडे फाकतो. आपल्याला समोरचे पांढरे दिसते म्हणून बरे वाटते. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काहीच दिसत नाही. तो आपल्याच गावचा असतो. फवारणीत एका औषधाने अळी हटली नाही म्हणून तीन औषधे एकत्र करणाऱ्याला जे सांगावे लागते, तेच इथे सांगतो. मात्रा वाढवण्याआधी निदान तपासा.

दिव्याचे तोंडही तपासा. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. जमिनीपासून दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मांडा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सुमारे दहा सेंटिमीटर खाली यावी. रेघेच्या वर गेली तर समोरचा आंधळा होतो, फार खाली आली तर आपण आंधळे होतो. पिकअपमध्ये कापूस भरला की मागची बाजू दबते, तोंड वर होते आणि दिवे निंबाच्या शेंड्यावर पडतात. म्हणून माल भरून एकदा पाहा. राजूरच्या नाहीतर बोथ्याच्या घाटातून जाणाऱ्यांनी तर जरूर पाहावे. तिथे वळणापलीकडे ट्रक असतो, कधी जनावर असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्येही दिवा खाली वळलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत असेच म्हटले आहे. पोलीस सांगतात म्हणून तेवढे पाळू नका, समोरून येणारा आपला आहे म्हणून पाळा.

मागचा दिवा विसरू नका

भरल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर सहसा ताशी वीस-पंचवीसच्या वर जात नाही. त्याच्या पुढच्या दिव्यापेक्षा त्याच्या ट्रॉलीची पाठ जास्त जीव घेते. जुने लोक रेंगीच्या, बैलगाडीच्या खाली कंदील बांधत. मागून येणाऱ्याला गाडी दिसावी एवढाच त्याचा हेतू. ते शहाणपण ट्रॉली आली तेव्हा कुठे गेले? ट्रॉलीला तांबडे दिवे असले तरी त्यांचे अर्थिंग पुष्कळदा जोडणीच्या पिनेतून घेतलेले असते. पिनेला ग्रीस आणि गंज, म्हणून दिवे लुकलुकतात आणि विझतात. प्लगमधून अर्थची वेगळी वायर घ्या. कापसाचा फुगलेला बोजा आणि कडब्याच्या पेंढ्या दिव्यांवर लोंबतात. दिवे आणि तांबडी रेडियम पट्टी फाळक्याच्या खालच्या काठावर, बोजा पोचणार नाही अशा जागी लावा. बाजूलाही पट्टी हवी. फाट्यावर आडवी वळणारी ट्रॉली कोणालाच दिसत नाही. गाडी वाटेत बंद पडली तर मागे दगड ठेवू नका, ठेवलेला दगड तिथेच सोडून जाऊ नका. चार पेट्रोल-पंपी बाटल्यांना रेडियम चिकटवून गाडीत ठेवा आणि मागे पन्नास पावलांवर उभ्या करा. ट्रॉलीलाही वेगळी नोंदणी आणि विमा लागतो. अपघातानंतर हे कळले तर ट्रॅक्टरबरोबर वावरही जाते.

आमच्या मागण्या

एवढे सगळे शेतकऱ्याने करायचे आणि व्यवस्थेने काही नाही, असे आम्ही म्हणत नाही. शेतकरी रात्री का निघतो, याचे उत्तर खरेदी केंद्रांनी द्यायचे आहे. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करून वेळ ठरवण्याची पद्धत आणली. वेळ ठरवून द्यायची तर ती पाळलीही पाहिजे. ज्याला दुपारची वेळ दिली त्याचा काटा दुपारीच झाला पाहिजे. मग कोणी मध्यरात्री गाडी जुंपणार नाही. रात्रीच्या वाहतुकीत दुहेरी मार आहे. हिवाळ्यात उघड्या ट्रॉलीवर दव पडते आणि कापसाची ओल वाढते. आठ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला कपात, बारा टक्क्यांवर खरेदी नाही, असा सीसीआयचा दंडक. म्हणजे रात्रीने जीवही धोक्यात घालायचा आणि भावही कापायचा.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. बाजार समित्यांनी आणि खरेदी केंद्रांनी दिलेली वेळ पाळावी. ज्यांना मुक्काम पडेल त्यांच्या गाड्यांसाठी रस्त्याच्या कडेला नव्हे, आवारात, उजेडाची जागा द्यावी. परिवहन खात्याने हंगामाच्या तोंडावर प्रत्येक तालुक्यात दिवे तपासणीची आणि रेडियम लावण्याची शिबिरे घ्यावीत. हंगामात नाक्यावर उभे राहून पावती फाडण्याने अपघात टळत नाहीत, हंगामाआधी दिवा दुरुस्त झाला तर टळतात. आणि गावरस्त्यांच्या वळणांवर, पुलांच्या कठड्यांवर चकाकणारे फलक लावावेत. यात कुठेही अनुदान मागितलेले नाही. आपण भरलेल्या कराचे आणि सेसचे काम मागितले आहे.

आपले काम

मागण्यांचे निवेदन जिल्हा बैठकीत मंजूर होईल आणि पुढे जाईल. त्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. प्रत्येक गावशाखेने वर्गणीतून एक मल्टिमीटर घ्यावा आणि दोन तरुणांनी तो चालवायला शिकावे. आपल्या पोरांना मोबाइलची उघडझाप येते, त्यांना हे अर्ध्या दिवसात येईल. मुलींनाही शिकवा. रात्री दवाखान्याची गाडी निघते तेव्हा घरात कोण असेल ते सांगता येत नाही.

दिवस निवडायचा तर खंडेनवमीसारखा दुसरा नाही. त्या दिवशी आपण अवजारे धुतो, गाडीला हार घालतो, हळद-कुंकू लावतो. यंदा हार घालण्याआधी काच पुसा, अर्थिंगचा बोल्ट खरवडा, बॅटरी मोजा, भिंतीवर रेघ मारून दिव्याचे तोंड बसवा आणि ट्रॉलीच्या पाठीला तांबडी पट्टी लावा. गावातल्या किती गाड्या तपासल्या, किती दुरुस्त झाल्या, दोष कुठे सापडला, याची यादी शाखेने करावी आणि पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. बाजार समितीच्या सभापतींसमोर आणि परिवहन अधिकाऱ्यांसमोर ती यादी ठेवता येईल. आम्ही आमच्या बाजूचे काम पुरे केले, आता तुमच्या बाजूचे दाखवा, असे तिच्या जोरावर विचारता येईल.

आज ही पत्रिका घेऊन तुम्ही सभेहून निघाल तेव्हा बहुतेक अंधार पडलेला असेल. निघण्याआधी गाडीसमोर जाऊन दिवे एकदा पाहा. मंद वाटले तर वेग चाळिसाच्या आत ठेवा. उशीर झाला तरी चालेल, घरी पोचा.